आधी भिंग, मग यंत्र

ज्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरात कोणतीही मोठी खरेदी एकट्याची राहत नाही. शिवणयंत्र असो, पुस्तकांचे कपाट असो, की हल्लीचा कॅमेरा असो, घेणारा एक असला तरी सल्ला देणारे दहा असतात. आणि पैसा पुष्कळदा घराच्या सामाईक पिशवीतून जावयाचा असतो. गेल्या दिवाळीत आमच्या घरी असाच प्रसंग आला. आमच्या पुतण्यास छायाचित्रणाची हौस आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने बऱ्यापैकी किमतीचा कॅमेरा घेतला होता. आता तो म्हणू लागला, "काका, हा पुरत नाही. याच्याहून मोठा घ्यावा म्हणतो." कारण विचारले तेव्हा त्याने अजिंठ्याची हकीकत सांगितली.

तो मित्रांसह अजिंठ्यास गेला होता. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याच्या दाराशी डावीकडे रंगविलेल्या पद्मपाणीसमोर उभा राहून त्याने तीसेक चित्रे घेतली. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहतो तो एकही धड नाही. कोठे बोधिसत्त्वाचा चेहरा हललेल्या पाण्यातील प्रतिबिंबासारखा थरथरलेला, तर कोठे रंगांवर कोणी वाळू भुरभुरावी तसे दाणे उठलेले. यंत्र कमी पडले, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि घरातील बहुतेकांस तो पटला. आम्हांस मात्र शंका आली. यंत्र नवे होते. त्यावर बसविलेले भिंग पूर्वीच्या स्वस्त कॅमेऱ्याबरोबर आलेले, जुने. दोष कोणाचा हे आधी ठरवावे आणि मग पैसा खर्चावा, असे आम्ही सुचविले.

सूनबाईंनी माहेरी फोन करून आपल्या भावाकडील एक लहानसे भिंग मागविले. ते त्याच कंपनीचे, त्याच जोडणीचे, पण झूम न होणारे आणि मुठीत मावेल एवढे होते. सायंकाळी दिवेलागणीनंतर आम्ही सर्वजण देवघरासमोर बसलो. समईच्या उजेडात, त्याच यंत्रातून, आधी जुन्या व मग पाहुण्या भिंगाने देवघराची व पूजेस बसलेल्या सूनबाईंची चित्रे घेतली. जुन्या भिंगाने घेतलेल्या चित्रांत देव बरे, पण सूनबाई पुसट. दुसऱ्या भिंगाने घेतलेल्या चित्रांत त्यांच्या हातांतील फुलाची पाकळी न् पाकळी दिसत होती. यंत्र तेच, उजेड तोच, हातही तेच. फरक केवळ भिंगाचा होता. हा फरक कशाने पडतो हे समजून घेतल्यास पुष्कळ कुटुंबांचा अनाठायी खर्च वाचेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

भिंगाच्या कडेवर १.८, ३.५, ५.६ असे अंक कोरलेले असतात. त्यांस आपण छिद्रांक म्हणू. भिंगाचे नाभीय अंतर त्याच्या छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे हा अंक येतो. म्हणून अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचा छिद्रांक ५.६ असेल तर छिद्राचा व्यास सुमारे ९ मिलिमीटर येतो. तोच अंक १.८ असेल तर सुमारे २८ मिलिमीटर. आत शिरणारा उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. ५.६ चा वर्ग ३१.३६ आणि १.८ चा वर्ग ३.२४; भागाकार साडेनऊहून किंचित अधिक येतो. तात्पर्य, पहिल्या भिंगास ज्या चित्रासाठी सेकंदाचा सहावा भाग लागेल, तेच चित्र दुसरे भिंग सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागात घेईल. सेकंदाचा सहावा भाग हात स्थिर ठेवणे कठीण. साठावा भाग ठेवणे बहुतेकांस साधते.

आता मोठे यंत्र घेतल्याने काय साधले असते तेही पाहू. कॅमेऱ्यात ज्या फलकावर प्रकाश पडून चित्र उमटते त्यास सेन्सर म्हणतात. हौशी मंडळींच्या यंत्रांत तो बहुधा दोन आकारांचा असतो. एक ३६ बाय २४ मिलिमीटरचा, ज्यास फुल फ्रेम म्हणतात. चलच्चित्राच्या ३५ मिलिमीटर फितीवर ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराने जो लहान कॅमेरा रचला आणि जो १९२५ मध्ये 'लायका' या नावाने बाजारात आला, त्याच्या चौकटीचा हा आकार अद्याप टिकून आहे. दुसरा एपीएस-सी नावाचा, सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. पहिल्याचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचे सुमारे ३६७. म्हणजे लहान सेन्सरचे यंत्र टाकून मोठ्याचे घेतले तर उजेडाच्या हिशेबात लाभ अडीच पटींच्या आत. आणि लहान यंत्रावरच मोठ्या छिद्राचे भिंग चढविले तर लाभ साडेनऊ पट. खर्चाचे प्रमाण मात्र नेमके उलटे आहे. फुल फ्रेमच्या नुसत्या बॉडीच्या किमतीत अशी साधी भिंगे कित्येक येतील. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखविला तेव्हा पुतण्या काही वेळ निरुत्तर झाला.

पण तो हुशार आहे. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, हल्लीच्या भिंगांत आणि बॉडीतही हात हलला तरी चित्र सांभाळून घेण्याची सोय असते. मग मोठे छिद्र कशाला?" प्रश्न रास्त होता. ही सोय खरोखरच उपयोगी आहे, आणि स्थिर भिंतीवरील चित्रासाठी तिने काम भागते. परंतु ती आपला हात सांभाळते, समोरच्या आजीची मान सांभाळत नाही. आरती करणारी सूनबाई, रांगणारे मूल, पानावर वाढणारी काकू यांस कोणतेही यंत्र 'हलू नका' म्हणून सांगू शकत नाही. तेथे उजेडच हवा, आणि उजेड छिद्रातून येतो.

मोठ्या छिद्राचा एक दोषही येथेच सांगितला पाहिजे. छिद्र जितके मोठे, तितकी स्पष्टतेची खोली कमी. १.८ वर जवळून चेहरा घेतला तर डोळे स्पष्ट येतात आणि कान पुसट होतात. लग्नमुंजीत तीन रांगांत बसविलेल्या कुटुंबाचे चित्र घ्यावयाचे, तर छिद्र लहान करून ८ च्या आसपास न्यावे. नाहीतर पुढची मुले स्पष्ट आणि मागचे वडीलधारे धुक्यात, असा अनवस्था प्रसंग येतो. अजिंठ्याची चित्रे मात्र भिंतीवर, म्हणजे जवळजवळ सपाट पृष्ठावर आहेत. कॅमेरा भिंतीस समांतर धरला की मोठ्या छिद्राची ही उणीव तेथे फारशी जाणवत नाही. एकच गुण एका ठिकाणी दोष ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी निरुपद्रवी होतो; म्हणूनच अमुक भिंग सर्वोत्तम, असे सरसकट म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, अंधार आहे तर दिवा लावावा. अजिंठ्यात तसे करता येत नाही आणि करूही नये. रंगविलेल्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि तिपाई न्यावयाची तर पुरातत्त्व खात्याची अनुमती लागते. दीड हजार वर्षांपूर्वीचे ते रंग प्रखर उजेडाचे घाव साठवीत जातात. एका झगमगाटाने काही दिसत नाही, पण लाखो प्रवाशांच्या झगमगाटांची बेरीज होते. या चित्रांनी माणसाच्या सदिच्छेचेही पुष्कळ भोगले आहे. १९२० नंतरच्या वर्षांत निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवून चित्रांची डागडुजी करविली. तिने पोपडे सुटणे आवरले खरे, पण वर लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला.

अजिंठा आणि कॅमेरा यांचा संबंध आजचा नव्हे. ही लेणी १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामी नेमण्यात आले. अजिंठे गावी राहून त्याने वर्षानुवर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत प्रतिकृती केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक सर्व भस्मसात झाल्या. सुदैवाने गिलने मध्यंतरी कॅमेराही हाती घेतला होता. दोन भिंगांतून जोडचित्रे घेऊन खोलीचा भास उत्पन्न करणाऱ्या पद्धतीने त्याने लेण्यांची छायाचित्रे काढली, आणि ती १८६४ मध्ये फर्ग्युसन या वास्तुशास्त्रज्ञाच्या टिपणांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. रंगविलेली कापडे जळाली. कागदावरील छायाचित्रे अनेक प्रतींत पसरल्यामुळे वाचली. गिल १८७९ मध्ये वारला. भुसावळास त्याची कबर आहे.

पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील रंगीत व एकरंगी चित्रे छायाचित्रणाच्या आधारेच तयार केलेली आहेत. आणि १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी बिनॉय बेहल यांनी प्रखर दिवे न लावता, लेण्यांतील मंद उजेडातच चित्रे घेऊन त्यांचे रंग जगासमोर आणले. बेहल यांच्या उदाहरणातून हौशी माणसाने घ्यावयाचा धडा हा, की अंधाराशी भांडू नये. जो थोडा उजेड आहे तो गोळा करण्याची सोय आणि संयम जवळ बाळगावा.

आता खरेदीचा विचार. आमच्या शास्त्रकारांची एक चांगली रीत होती. ग्रंथाच्या आरंभी ते चार गोष्टी स्पष्ट करीत : विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध कसा आणि अधिकारी कोण. यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. हेच चार प्रश्न कॅमेरा घेण्यापूर्वी घरात बसून स्वतःस विचारावे, असे आम्ही सुचवितो.

पहिला प्रश्न विषयाचा. छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशास विषयांची वाण नाही, पण प्रत्येक विषय निराळे भिंग मागतो. अजिंठ्याचे आणि घरातील माजघराचे मागणे एकच : मोठे छिद्र. सेन्सर एपीएस-सी असेल तर ३५ मिलिमीटरचे आणि फुल फ्रेम असेल तर ५० मिलिमीटरचे भिंग जवळजवळ सारख्याच कोनातून पाहते. लहान सेन्सरवर ५० चे भिंग ७५ सारखे वागते. चेहऱ्यास ते उत्तम, पण दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकावयास जागा उरत नाही.

वेरूळचे कैलास लेणे निराळे. राष्ट्रकूट नृपती कृष्णराज पहिला याच्या काळी, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली खोदीत आणून हे मंदिर घडविले. त्याचे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे. आत उभे राहून मंदिर चौकटीत बसवावयाचे तर १६ ते २४ मिलिमीटरचे रुंद कोनाचे भिंग लागते. पण तसे भिंग वर तिरपे धरले की स्तंभ एकमेकांकडे झुकतात आणि प्रमाण बिघडते. यावर फुकटातील उपाय असा, की बाजूच्या वाटेने डोंगरावर चढावे आणि ज्या दिशेने छिन्नी चालली त्याच दिशेने, वरून खाली पाहावे. तेथे साधे भिंगही पुरते. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे तिसऱ्या प्रहरानंतरचा उजेड मूर्तींवर थेट पडतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर कित्येक हजारांचे भिंग वाचते.

बीबी का मकबरा दिवसाउजेडी पाहावयाचा. त्यास मोठे छिद्र नको, रुंद कोनही नको. तेथे अडचण निराळीच असते. कॅमेऱ्यातील उजेडाचे माप पांढऱ्या वस्तूस राखी समजते, आणि शुभ्र घुमट मळकट उतरतो. मापाहून एक पायरी अधिक उजेड देण्याचे बटण बहुतेक यंत्रांवर असते. ते फिरविले की पांढरे पांढरे दिसते. येथे विद्या लागते, पैसा लागत नाही.

चौथा विषय पैठणजवळील नाथसागराचा. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. हिवाळ्यात तेथे दूरदेशचे पाहुणे पक्षी उतरतात, आणि रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात चरताना दिसतात. पक्षी माणसास जवळ येऊ देत नाहीत. म्हणून ३०० ते ६०० मिलिमीटरचे लांब भिंग हवे. ही हौस सर्वांत खर्चाची आणि सर्वांत ओझ्याची. दोन हिवाळे दुर्बीण घेऊन पहाटे नाथसागरावर जावे. तिसऱ्या हिवाळ्यातही उत्साह टिकला तरच असे भिंग घ्यावे, असे आमचे मत आहे.

दुसरा प्रश्न प्रयोजनाचा. चित्र कोठे पाहावयाचे? भिंतीवर लावावयाचे बारा बाय अठरा इंचांचे चित्र इंचास ३०० ठिपके या दराने उत्तम छापावयाचे तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे एक कोटी चौऱ्याण्णव लक्ष ठिपके पुरतात. आठ बाय बारा इंचांस शहाऐंशी लक्ष चाळीस हजार. आजची साधी यंत्रेही दोन कोटींहून अधिक ठिपके देतात. तेव्हा दुकानात ठिपक्यांचे मोठे आकडे सांगितले जातील त्यांस भुलू नये. आणि चित्र केवळ हातातील मोबाईलवर पाहावयाचे व आप्तांस पाठवावयाचे असेल, तर त्या कामास दिवसाच्या उजेडात मोबाईलच उत्तम. तो अंधारात एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो, त्यामुळे स्थिर दृश्य आश्चर्यकारक चांगले येते. ज्यांस तेवढे पुरते त्यांनी कॅमेरा मुळीच घेऊ नये. न घेणे हाही एक सुज्ञ निर्णय आहे.

तिसरा प्रश्न संबंधाचा. येथे संबंध म्हणजे बॉडी आणि भिंग यांची जोडणी, ज्यास माउंट म्हणतात. एका कंपनीचे भिंग दुसरीच्या बॉडीवर सहसा बसत नाही. म्हणून पहिले यंत्र घेतो तेव्हा आपण वस्तुतः एका घराण्याशी सोयरीक जुळवितो. निकॉनची एफ जोडणी १९५९ पासूनची, कॅननची ईएफ १९८७ पासूनची. २०१८ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या, मिररलेस म्हणविणाऱ्या यंत्रांसाठी झेड व आरएफ या नव्या जोडण्या आणल्या. नव्या यंत्रांवर जुनी भिंगे मधे एक कडे घालून बसविता येतात. उलट मात्र होत नाही. आणखी एक खाचखळगा : निकॉनच्या जुन्या भिंगांपैकी काहींत रोख साधण्याची मोटर नसते, ती मोटर बॉडीत असावी लागते, आणि त्या कंपनीच्या लहान डीएसएलआर यंत्रांत ती नसते. अशी जोडी जमली तर चित्र निघते, पण रोख हाताने साधावा लागतो. म्हणून भिंग घेण्यापूर्वी ते आपल्या बॉडीवर चढवून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

बॉडी काळाबरोबर लवकर जुनी होते, भिंग फार सावकाश. वीस वर्षांपूर्वीची डिजिटल बॉडी आज कोणी सहसा वापरीत नाही. वीस वर्षांपूर्वीचे निगा राखलेले भिंग आजही चोख काम देते. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे वापरलेल्या डीएसएलआर बॉडी व भिंगे स्वस्त मिळू लागली आहेत; बेताच्या ऐपतीच्या कुटुंबास ही चांगली संधी आहे. मात्र भिंग विकत घेताना एका बाजूने विजेरी धरून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि भिंग परत द्यावे. छिद्राच्या पात्या मोकळ्या हलतात की नाही पाहावे. घरी आणल्यावर पावसाळ्यात ते चामड्याच्या बंद पेटीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि मधूनमधून काढून वापरावे. विद्येप्रमाणे भिंगही वापरल्याने टिकते.

चौथा प्रश्न अधिकाऱ्याचा, म्हणजे हे यंत्र वाहून नेणार कोण? अजिंठ्यास फर्दापूरच्या फाट्यापुढे खासगी वाहन जात नाही. तेथून बस, आणि बसनंतर पायऱ्या. पहिल्या लेण्यापासून सव्विसाव्यापर्यंत दुपारच्या उन्हात चालावयाचे असते. दोन-तीन किलोंचे ओझे गळ्यात असले तर दहाव्या लेण्याशी माणूस चित्रे पाहणे सोडून सावली पाहू लागतो. ज्या यंत्राचा भार वाटतो ते यंत्र पुढच्या वेळी घरी राहते, आणि घरी राहिलेला उत्तम कॅमेरा खिशातील मध्यम कॅमेऱ्याहून निकृष्ट. बायकामाणसांच्या, मुलांच्या हातांतही सहज बसेल असे यंत्र घ्यावे, म्हणजे ते एकट्याचे न राहता घराचे होते.

आमच्या घरी अखेर निर्णय झाला तो असा : बॉडी आहे तीच ठेवावी, ३५ मिलिमीटरचे १.८ छिद्रांकाचे भिंग घ्यावे, आणि वाचलेल्या पैशांतून सर्वांनी मिळून अजिंठ्यास जावे. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असते, म्हणून आम्ही बुधवार निवडला. पुतण्याने पद्मपाणीसमोर वीसेक चित्रे घेतली. त्यांतील सहा चांगली आली, एक फारच चांगले. सहाच का, असे त्याने विचारले नाही. त्यापूर्वी एकही नव्हते, हे त्यास ठाऊक होते.

परंतु ज्या चित्रासाठी आम्ही या भिंगाचे ऋणी आहोत ते अजिंठ्याचे नव्हे. आमच्या मुंजीच्या वेळी एका आप्ताने पेटीवजा कॅमेऱ्याने अंगणात चित्र घेतले होते. पुरुषमंडळी उन्हात बसलेली, मध्ये आम्ही मुंडावळ्या बांधलेले बटू, आणि मागे माजघराच्या दारात स्त्रिया उभ्या. अंगणातील प्रत्येक पगडी स्पष्ट आली आहे. दारातील स्त्रियांच्या जागी काळोख आहे. त्या काळोखात एका ठिकाणी नथीचे मोती तेवढे चमकतात. ती आमची मातोश्री. त्यानंतर दोनच वर्षांत ती गेली. तिचे दुसरे चित्र घरात नाही. लहान छिद्राच्या त्या भिंगास उन्हातले तेवढे दिसले, दारातले दिसले नाही.

अजिंठ्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या काकू, ज्यांचे वय आता सत्त्याऐंशी आहे, त्याच माजघराच्या दारात वाती वळीत बसल्या होत्या. अंगणात ऊन, आत तोच जुना अंधार. पुतण्याने त्यांस हाक मारली नाही, उजेडात या म्हटले नाही, दिवाही लावला नाही. उंबऱ्याशी बसून त्याने कापूस पिंजणाऱ्या बोटांचे आणि त्यावर झुकलेल्या चेहऱ्याचे एक चित्र घेतले. ते आम्ही आठ बाय बारा इंचांचे छापून घेतले आहे. काकूंनी ते चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, मी किती रे म्हातारी झाले!" मग पदराने काच पुसून त्यांनी ते चित्र आपल्या हातांनी भिंतीशी टेकवून ठेवले.